कात्री मिटायच्या आत

ही गोष्ट कुणी खरी मानणार नाही. आजवर ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या एकानेही मानलेली नाही, आणि काहींनी तर अर्ध्यातच उठून चपला घातल्या. तरी सांगायची, कारण ती शब्दन् शब्द खरी आहे. मधेमधे कुठे वाढल्यासारखी वाटली तर ती केसांसारखी आपली आपण वाढली असं समजावं. तिला कुणी मुद्दाम खतपाणी घातलेलं नाही.

गोष्ट एका जावयाची. हा जावई पाण्याच्या मीटरांच्या कारखान्यात कामाला. हल्लीच्या मीटरात नखाएवढा संगणक असतो. चिमूटभर विजेवर तो वर्षानुवर्षं जगतो, दिवसातून एकदा डोळे उघडतो, किती पाणी गेलं ते कळवतो आणि पुन्हा झोपतो. अशा कमी खाणाऱ्या, जास्त झोपणाऱ्या संगणकांना शहाणं करायचं काम हा करायचा. त्या कामात घाई नावाचा प्रकारच नव्हता. मीटर सकाळऐवजी दुपारी जागा झाला तर पाण्याचं काय बिघडतं? त्यामुळे मुळातच संथ असलेला हा गडी त्या कारखान्यात आणखी मुरला. त्याला "चहा घेणार का?" असं विचारावं, चहा करावा, गाळावा, कपात ओतून समोर ठेवावा, वर साय धरू द्यावी, आणि मग तो म्हणायचा, "हो, चालेल."

त्याचे सासरे नेमके उलट. ते न्हावी. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाकडं. बाकडं कायम भरलेलं असायचं, पण त्यावर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. ते यायचे सासरेबुवांचं बोलणं ऐकायला. काय ती जीभ! आणि खरी गंमत शब्दांत नव्हती, वेळेत होती. त्यांची कात्री चालायची कच् कच्, कच् कच्. गिऱ्हाईक काही बोललं की कात्री उघडायची, आणि ती मिटायच्या आत उत्तर बाहेर. कच् झालं की बाकडं हसलं. एका श्वासाचा उशीर झाला असता तर त्याच शब्दांवर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं.

जावयाला 'सावकाशराव' हे नाव त्यांनीच दिलेलं. लग्नाचं बोलायला तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यांनी विचारलं, "मग, कधी करायचं म्हणता?" पोरगा विचारात पडला. पडला तो पडलाच. सासरेबुवा म्हणाले, "सावकाश सांगा, जावईबापू. नातवंडं झाली की कळवा."

त्यानंतर लग्न झालं, वर्षं गेली, आणि प्रत्येक भेटीत सासरेबुवांनी जावयाला एखादा तरी चिमटा काढलाच. सावकाशराव कधी उलटून बोलले नाहीत. उत्तर सुचायचं, पण ते घरी पोचून हातपाय धुतल्यावर.

मग सासरेबुवांचा घसा दुखायला लागला. डॉक्टरांनी बघितलं, मोठ्या डॉक्टरांनी बघितलं, शस्त्रक्रिया झाली. माणूस वाचला. आवाज गेला.

हात शाबूत होते, नजर शाबूत होती, दुकान पुन्हा उघडलं. पण आता नुसती कच् कच् उरली. बाकड्यावरची मंडळी मायेपोटी येत राहिली, आणि तेच वाईट झालं. कुणी काही बोललं की कात्री उघडायची आणि उघडीच राहायची. आरशात सासरेबुवांचे ओठ हलायचे. मग कात्री हळूच मिटायची आणि बाकड्यावरचं कुणीतरी उगाच खोटं हसायचं. खोटं हसणं त्यांना केसातल्या उवेसारखं लांबून दिसायचं.

सावकाशराव दर महिन्याला सासऱ्यांकडेच केस कापायचे. त्या महिन्यात खुर्चीत बसल्यावर त्यांनी, त्यांच्या मानाने चटकन, विचारलं, "बाबा, बरं आहे ना सगळं?"

सासरेबुवांनी कात्री खाली ठेवली. दाढीच्या ब्रशने साबणाचा फेस घेतला आणि बोटाने आरशावर लिहिलं, "ती माझ्याशी भांडत नाही."

सावकाशरावांनी ते दोनदा वाचलं. सासूबाई भांडत नाहीत? त्या घरात एक खिडकी होती, झोपायच्या खोलीतली. सासरेबुवांना ती उघडी हवी, सासूबाईंना बंद. लग्न झाल्यापासून रोज त्या खिडकीवरून जुंपायची, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यावरून कळायचं की दोघांची तब्येत ठीक आहे. आता सासूबाई स्वतः उठून खिडकी उघडायच्या आणि म्हणायच्या, "असू दे हो उघडी, तुम्हाला आवडते ना." मग शाल पांघरून शिंकत बसायच्या. सासरेबुवा उठून खिडकी बंद करायचे. त्या पुन्हा उघडायच्या. वाद नाही, शब्द नाही, नुसती खिडकी दिवसभर उघड-मीट. बिजागऱ्या झिजल्या पण कुणी कुणाला एक वाकडा शब्द म्हणून बोललं नाही.

आरशावरचा फेस ओघळायला लागला. सासरेबुवांनी तो फडक्याने पुसला आणि जावयाच्या मानेवर पावडर मारली. चिमटा नाही, टोमणा नाही. बाहेर पडताना सावकाशरावांना एकदम जाणवलं की इतक्या वर्षांत आपल्याकडे इतकं नीट लक्ष देणारा हा एकच माणूस होता. उगाच कुणी कुणाची इतकी मापं काढत नाही.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "मी बाबांना बोलणारी डबी करून देतो."

"तुम्ही?" बायको म्हणाली. "अहो, ते बोलायला लागले की पहिला नंबर तुमचाच."

सावकाशरावांनी विचार केला. मग म्हणाले, "लागू दे."

डबी झाली साबणाच्या वडीएवढी. ती सासरेबुवांच्या कोटाच्या खिशात, आणि तिच्यातून निघालेली एक बारीक बटणांची पट्टी डाव्या हातात, कंगव्याच्या मुठीला बांधलेली. अंगठ्याने बटणं दाबायची, डबी बोलायची. सासरेबुवांचा अंगठा आठवड्याभरात जिभेसारखा वळवळायला लागला. अडचण बॅटरीची होती. मोठी बॅटरी घातली की खिसा जड व्हायचा, कोट ओढला जायचा आणि कॉलर गळ्यावरच्या जखमेला घासायची. म्हणून बॅटरी अगदी लहान. आणि बॅटरी लहान म्हणून डबी सारखी चालू ठेवायची सोय नव्हती. बोलून झालं की ती पूर्ण बंद व्हायची, आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू.

आता संगणक सुरू होतो म्हणजे काय होतं? त्याच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. हा सगळ्यांच्या आधी उठतो, घरात काय काय आहे ते तपासतो, आणि मग बाकीच्यांना हाका मारून कामाला लावतो. या डबीतला कर्नल होता आयता, जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांसाठी केलेला. तो उठला की दारोदार हिंडायचा. कॅमेरा आहे का? नाही. टीव्हीची तार? नाही. व्हिडिओ गेम खेळायची दांडी? तीही नाही. नेटवर्कपाशी तर तो उभाच राहायचा, न येणाऱ्या पाहुण्यासाठी फाटकात उभं राहावं तसा. सगळी वरात फिरून आली की मग त्याला आठवायचं, आपल्याला बोलायचं होतं.

डबी पहिल्यांदा दुकानात आली त्या दिवशी खुर्चीत चौकातला टेलर बसला होता. आरशात बघत तो म्हणाला, "काय हो, कानामागचे जरा जास्तच उडवलेत." सासरेबुवांचे डोळे चमकले. कात्री उघडली, अंगठा पळाला. डबीवर हिरवा दिवा लागला. कात्री मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. बाकडं माना पुढे काढून बसलं. टेलर उठला, केस झटकले, आरशात भांग बघितला आणि गेला. त्याच्या जागी बँकेचे साहेब येऊन बसले. गळ्याभोवती कापड बांधून घेतलं, गालाला साबण लावून घेतला आणि पडेल आवाजात म्हणाले, "काय सांगायचं, काल आमच्याकडे चोरी झाली हो. घर धुऊन नेलं."

आणि डबी बोलली, "कान राहिले ना? मग झालं!"

बाकडं कित्येक महिन्यांनी खरंखुरं हसलं. पण ते हसू भलत्याच जागी पडलं. साहेब उठले, अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि ताडताड चालायला लागले. सासरेबुवा टॉवेल घेऊन त्यांच्यामागे धावले. रस्त्यात हात हलवत, तोंड उघडत, आवाज नाही. साहेबांनी मागे वळून बघितलंच नाही. बघणार तरी कसे, हाक ऐकू आली असती तर ना.

सासरेबुवा परत आले, डबी खिशातून काढली, ज्या खणात बोथट झालेल्या कात्र्या ठेवायचे त्यात ठेवली आणि खण लोटला.

संध्याकाळी सावकाशराव आले तेव्हा सासरेबुवांनी काही लिहिलं नाही. हातातली कात्री वर धरली, उघडली, मिटली. कच्. मग पुन्हा उघडली आणि उघड्या पात्यांच्या मधे बोट धरलं. इथे. एवढ्यात. जमत असेल तर ठीक, नाहीतर डबी खणातच बरी आणि मीही गप्प बरा.

कारखान्यात साहेब लोक काय हवं ते पानंच्या पानं लिहून द्यायचे, पण इतकं स्वच्छ सांगणं सावकाशरावांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी खण उघडून डबी काढली आणि घरी नेली.

जेवणाच्या टेबलावर एका टोकाला पोळपाट आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉप, मधे तारेला लटकलेली डबी, असं काम सुरू झालं. कर्नल छाटायचा म्हणजे एक मोठी यादी उघडायची. हे हवं का, ते हवं का, एकेक प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाखाली सल्ला. खूप ठिकाणी एकच सल्ला होता, 'खात्री नसेल तर हो म्हणा.'

बायकोने खांद्यावरून वाचलं. "लग्नाच्या वेळी तुम्ही हेच केलंत ना?"

सावकाशराव म्हणाले, "तेव्हा खात्री होती." हे उत्तर त्यांना जागच्या जागी सुचलं, आणि त्याच्या आनंदात त्यांची पुढची अर्धी सकाळ वाया गेली.

एरवी माणूस अशा यादीवर विळा चालवतो. सावकाशरावांना ते जमेना. न वाचता कुणाला घालवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. प्रत्येकाखालची माहिती वाचायची, हा कोण, कुठला, कशाला आला, ते समजून घ्यायचं, आणि मग "बरं, या आता," म्हणून वाटेला लावायचं. कॅमेरे गेले. टीव्ही गेला. ज्या यंत्रांना आता भंगारवालाही हात लावत नाही त्यांचे चालक, म्हणजे ती यंत्रं चालवणारे कर्नलचे तुकडे, गेले. नेटवर्क गेलं तेव्हा सावकाशरावांनाच हायसं वाटलं, एकदाचं फाटक बंद झालं. रविवारमागून रविवार गेले. कर्नल उतरत गेला, आजारपणातून उठलेल्या माणसाच्या कपड्यांसारखा ढिला ढिला होत गेला, आणि एक दिवस बटण दाबल्याबरोबर हिरवा दिवा लखकन लागला.

न थांबता ते तसेच दुकानात गेले. बाकडं भरलेलं होतं. टेलरही होता. सासरेबुवांनी कात्री उघडली आणि टेलर मुद्दामच म्हणाला, "काय, येतंय का आज उत्तर, की उद्या येऊ?"

अंगठा पळाला. दिवा लखकन लागला. ओठ हलले. आणि काहीही ऐकू आलं नाही.

पुन्हा दाबलं. दिवा लागला, लुकलुकला, विझला. डबी सगळं बोलत होती, फक्त आवाज नव्हता. खिशात एक मुकी आणि तिच्या वर एक मुका, दोघांची तोंडं हलतायत, आणि बाकडं कानामागे हात धरून पुढे वाकलेलं.

सावकाशरावांचे कान गरम झाले. आता सासऱ्यांनी निदान तोंड वेडावावं, कपाळाला हात लावावा, काहीतरी करावं! सासरेबुवांनी काय केलं? जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. आजवरचे सगळे टोमणे एका पारड्यात टाकले असते तरी ते थोपटणं जड गेलं असतं.

घरी येऊन सावकाशराव जेवले नाहीत. डबी कानाशी धरून बसले. बायको समोर येऊन बसली. तिनेही कान लावला.

"अहो," ती म्हणाली, "ही आधी सुस्कारा टाकायची."

"काय?"

"बोलायच्या आधी. सुस्स करून जरा श्वास घ्यायची ना. आता घेतच नाही."

सावकाशराव ताडकन उठले. त्यांना ताडकन उठताना बायकोने पहिल्यांदाच बघितलं. तो सुस्कारा म्हणजे कर्ण्याला, डबीतल्या स्पीकरला, वीज पोचल्याचा आवाज होता. बोलायची वेळ झाली की कर्ण्याची वीज सोडायची, नाहीतर तोडायची, एवढंच काम करणारा एक चिमुकला चालक कर्नलमध्ये होता, आणि तो यांनी इतरांबरोबर, नीट चौकशी करून, निरोप देऊन घालवला होता. का? तर जन्मभर पाण्याचे मीटर केले. मीटर बोलत नाही. मीटरला कर्णा कशाला लागतो? हात त्या सवयीने चालला होता. डबीत जीभ होती, घसा कापला गेला होता.

ते मनात आल्यावर सावकाशराव खाली बसले. मग त्यांनी त्या चिमुकल्याला परत बोलावलं, यादीत पहिल्या जागी नव्हे, पण मानाने. डबीने सुस्स केलं आणि ती बोलली. बायकोने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता जेवा."

तरी कात्री अजून जिंकत होती. बायको स्वयंपाकघरातली कात्री घेऊन उभी राहायची, जुनं वर्तमानपत्र कापायची, कच्, आणि यांनी त्याच क्षणी बटण दाबायचं. कच् आधी, डबी नंतर. घरभर कागदाच्या पट्ट्या. शेवटचा उशीर सापडला तो गमतीचा होता. कर्नल उठताना स्वतःशी बडबडायचा. हे झालं, ते झालं, इथे पोचलो, तिथे पोचलो, एकेक ओळ तारेवरून लॅपटॉपकडे पाठवायचा. सावकाशरावांना बघायला बरं म्हणून ती बडबड त्यांनीच ठेवली होती, आणि त्या सांगण्यातच वेळ जात होता. त्यांनी त्याला गप्प केलं. बायकोने कात्री उघडली. "कान राहिले ना?" डबी म्हणाली. "मग झालं!" आणि मग कच्.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. इथून पुढे लोक चपला शोधायला लागतात.

कारण सावकाशरावांना छाटायची चटक लागली. जन्मभर हळू चाललेला माणूस एकदा पळायला लागला की त्याला थांबता येत नाही. त्यांनी आणखी काढलं, आणखी काढलं. डबी हातात घेतली तर हलकी लागायला लागली. खिशातून काढून टेबलावर ठेवली की पंख्याच्या वाऱ्याने सरकायची. बॅटरी उतरेचना. उलट भरायला लागली! सासरेबुवांनी केस कापायचं मशीन तिला जोडलं तर तेही दिवसभर चाललं.

"काहीतरीच!" असं या ठिकाणी बाकड्यावरून कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या.

मग एक दिवस अंगठा बटणाला टेकायच्या आधीच डबी बोलली. त्यानंतर तर समोरच्याने तोंड उघडायच्या आधी. शाळेचे मास्तर दारात आले आणि डबी म्हणाली, "गर्दी नाही, या, बसा." मास्तर तसेच उभे. म्हणाले, "मी विचारणार होतो, गर्दी आहे का." बरं, उत्तर मिळालं म्हणून प्रश्न सोडता येतो का? मास्तरांनी बाहेर जाऊन, पुन्हा आत येऊन, रीतसर विचारलं, तेव्हा त्यांना बरं वाटलं. टेलरचे हाल त्याहून वाईट. तो खुर्चीत बसला मात्र, आणि डबी म्हणाली, "तुझी सुई शर्टात कमी आणि दुसऱ्याच्या भानगडीत जास्त." बाकडं लोळलं. पण टेलरला काही केल्या सुचेना की आपण असं काय बोलणार होतो. बिचारा दुपारपर्यंत आठवत बसला. शेवटी घरी जाऊन बायकोला विचारून आला.

असं चालेना. माणसं दुकानात यायला घाबरायला लागली. तेव्हा सावकाशरावांनी डोकं लढवलं आणि प्रिंटर शोधणारा चालक परत घातला. कामाला नव्हे, वेळ काढायला. डबी जागी झाली की आधी जाऊन प्रिंटर बघून यायची, तो काही सापडायचा नाही, आणि तोवर समोरच्याचं वाक्य पुरं व्हायचं. उत्तर बरोबर दोन कचांच्या मधे पडायला लागलं, पूर्वी पडायचं तसंच. पहिल्या दिवशी बाकडं हसलं तेव्हा सासरेबुवांनी कात्री खाली ठेवली, आरशाकडे पाठ केली आणि बराच वेळ वस्तरा पुसत राहिले. वस्तरा आधीच स्वच्छ होता.

पण सावकाशरावांचा जीव टांगणीलाच होता. बाकड्यासाठी का त्यांनी एवढा उपद्व्याप केला होता? घरी खिडकी अजून उघडीच होती. सासूबाई अजून गोड बोलत होत्या. सासरेबुवा घरी डबी वापरतच नव्हते. खण उघडून ती खिशात टाकायचे ते दुकानात आल्यावर, आणि घरी निघताना पुन्हा खणात. सावकाशरावांनी खुणेनेच विचारलं, का? सासरेबुवांनी खांदे उडवले, पण मनातलं तोंडावर दिसत होतं. बाकड्याने दाद दिली नाही तर हसं होतं, एवढंच. बायकोने गोड हसून "छान हो" म्हटलं तर? मग पुढे काय उरलं?

"आईंना इथेच बोलावतो," सावकाशराव म्हणाले.

सासरेबुवांनी मान हलवली, नाही. पण सावकाशराव तोवर दाराबाहेर होते.

सासूबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. शाल गुंडाळलेली, नाक लाल. सगळं बाकडं सरकलं, त्यांना टोकाला जागा मिळाली. आत्ता इथे त्या बसल्यात ना, तीच ती जागा. डोळे मिटलेले दिसतायत, झोप लागली असावी, म्हणून पुढचं जरा मोकळेपणाने सांगता येईल.

खुर्चीत सावकाशराव स्वतः बसले. मानेभोवती कापड. सासरेबुवांनी कंगवा उचलला, कात्री उचलली.

"आई," सावकाशराव आरशातून म्हणाले, "सर्दी फार झालीय तुम्हाला. खिडकी लावून घेत जा ना."

"छे हो," सासूबाई म्हणाल्या, मधात बुडवून काढल्यासारख्या. "त्यांना उघडी आवडते. मला कुठे काय होतंय?" आणि शिंकल्या. अशा शिंकल्या की आरशापुढच्या बाटल्या किणकिणल्या.

कात्री उघडली.

सुस्स.

"खिडकी उघडी असते म्हणून तू शिंकत नाहीस," डबी म्हणाली. "तू शिंकतेस म्हणून खिडकी उघडते!"

कच्.

कुणी हसलं नाही. टेलरने तोंडात बोट घातलं होतं. आरशात सासरेबुवांचा चेहरा कागदासारखा, आणि डोळे फक्त एका माणसावर. सासूबाईंच्या हातातला डबा मांडीवर तसाच. त्यांच्या तोंडावरचा तो मध हळूहळू उतरला. एक भुवई वर गेली. कित्येक महिन्यांत ती भुवई वर गेली नव्हती. सावकाशरावांनी ती आरशात बघितली आणि ते खुर्चीत सैलावून बसले.

आणि मंडळी, मग जे झालं ते या चौकात आजवर झालं नव्हतं. सासूबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि त्यांना एक शब्द सुचेना! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या बाईकडे उत्तर नव्हतं. डबा तसाच बाकड्यावर ठेवून त्या खाली मान घालून उठल्या, गुपचूप घरी गेल्या, आणि—

"खोटं!"

बाकड्याच्या टोकाला शाल हलली. डोळे टक्क उघडे होते, आणि ते कधीच मिटलेले नसावेत असं दिसत होतं.

"साफ खोटं! डबी वाऱ्याने सरकवलीत, मास्तरांना बाहेर काढून आत आणलंत, तिथवर ऐकून घेतलं. पण मी गप्प? मी? अहो, ह्यांच्या कात्रीचं कच् होतंय न होतंय तोच मी म्हटलं, 'माझ्या शिंकेने खिडकी उघडते, तर तुमच्या घोरण्याने घराचं दार उघडतं, ते लावा आधी!' तेव्हा हे अख्खं बाकडं कुणाच्या नावाने हसलं होतं? हे हसले, जावई हसले, हसता हसता ह्यांच्या हातून कात्री पडली. ते का नाही सांगत?"